पलटण कुठली, ते सांगायचे राहिले

वाचकांचे प्रश्न

प्रजासत्ताक दिन जवळ आला की फौजेतील मुले, निवृत्त वडील आणि गावातले सत्कार यांविषयीची पत्रे दरवर्षी येतात. या वेळी आलेल्यांपैकी तीन पत्रांना उत्तर देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न माझ्याही घरातला आहे. माझ्या मुलाने सैन्यात सतरा वर्षे काढली, आणि मी शाळामास्तर म्हणून असे अनेक सत्कार घडवून आणले व काही बिघडवलेही.

प्रश्न : माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. 1971 च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते. मी स्वतः दोनदा भरतीला उतरलो. एकदा धावण्यात मागे पडलो आणि एकदा छातीच्या मापात बाद झालो. माझा मुलगा मात्र सहा वर्षांपूर्वी भरती झाला आणि सध्या फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर आहे. आमच्या गावात दर 26 जानेवारीला माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. गेल्या वर्षी सूत्रसंचालकाने तात्यांची ओळख 'कारगिलवीर' अशी करून दिली. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी शाल घेतली, तिची नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि ते घरी निघून आले. गावात चर्चा झाली की म्हाताऱ्याला गर्व चढला. या वर्षी समितीची माणसे मला म्हणतात, 'तात्यांना समजावून आणा.' त्यांना कसे समजवावे? आणि दुसरे, विचारायला संकोच वाटतो पण विचारतो : मुलाचा फोन चार दिवस आला नाही की माझी झोप उडते, तात्या मात्र निवांत जेवून झोपतात. मी सैनिकाचा मुलगा असून सैनिकाचा बाप म्हणून कमी पडतो आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तात्यांना समजावू नका. समजवायचेच असेल तर समितीला समजवा.

कारगिलचे युद्ध 1999 सालचे. 1971 मध्ये रायफल घेऊन चाललेला शिपाई तोवर पेन्शन घेऊन घरी येऊन कितीतरी वर्षे झालेली असतात, आणि हा हिशेब ज्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे तिथे कोणालाही करता यायला हवा. सूत्रसंचालकाचा हेतू वाईट नव्हता हे मान्य. टाळ्या मिळतील असा शब्द त्याने निवडला. परंतु तात्यांच्या कानांनी ते कसे ऐकले असेल? ज्या लढाईत आपण नव्हतो तिचे श्रेय आपल्या गळ्यात घातले जात आहे, आणि ज्या लढाईत होतो तिचे नाव कोणी घेत नाही. फौजेत दुसऱ्याच्या मेडलची रिबन छातीवर लावणे हा गुन्हा समजला जातो. तात्यांनी शाल परत केली ती याच शिस्तीने केली असावी, असे मला वाटते. घडी घालून ठेवली हेही लक्षात घ्या. गर्वाने उठलेला माणूस शाल फेकून जातो.

हा दोष मीही केलेला आहे. नोकरीत असताना शाळेच्या 15 ऑगस्टच्या कार्यक्रमात मी एका वृद्ध माजी सैनिकाची ओळख करून दिली. 'भारतमातेचे सुपुत्र', 'सीमेवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणारे' असे बरेच बोललो, आणि माझ्या मते चांगले बोललो. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना ते गृहस्थ हळूच म्हणाले, "गुरुजी, सगळं झालं, पण पलटण कुठली ते सांगायचं राहिलं." त्या वेळी मला हसू आले. पुढे माझा मुलगा भरती झाला, सुट्टीवर आला की ओळखीपाळखीच्या फौजींशी बोलताना पहिल्या वाक्यात पलटणीचे नाव सांगू लागला, तेव्हा त्या चहाच्या कपाची आठवण येऊन मला मनापासून लाज वाटली. सैनिक आपली ओळख नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी देतो. यातले नाव आईवडिलांनी दिलेले असते. बाकीचे तीन त्याने स्वतः मिळवलेले असतात. आपण सत्कारात नेमके तेच तीन गाळतो आणि त्यांच्या जागी विशेषणे भरतो.

तात्या जंगी पलटणीत पूर्व आघाडीवर होते असे आपण लिहिता, म्हणून समितीला सांगता येईल असे थोडे सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीची ही पहिली बटालियन 1768 साली उभी राहिली. डिसेंबर 1971 मध्ये लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या नेतृत्वाखाली ती तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कमालपूर-बक्षीगंजच्या वाटेने ब्रह्मपुत्रेकडे उतरली आणि नदी ओलांडून जमालपूरच्या पाठीमागचा रस्ता तिने रोखून धरला. जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच ही बटालियन होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी तिच्या प्रमुखाला शरण येण्याविषयी पत्र पाठवले, तेव्हा उत्तरादाखल आलेल्या चिठ्ठीसोबत बंदुकीची एक गोळी होती. 10 डिसेंबरच्या रात्री त्या सैन्याने वेढा फोडून निसटण्याचा प्रयत्न केला आणि तो मराठ्यांनी हाणून पाडला. 11 तारखेला जमालपूर पडले. ढाक्याचा रस्ता मोकळा होण्यात या लढाईचा वाटा मोठा आहे. हे सारे सांगायला दोन मिनिटे लागतात. माझ्या अनुभवाने प्रमुख पाहुण्यांचे भाषण चाळीस मिनिटे चालते.

आपल्या जिल्ह्यात फिरताना जुन्या चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी कुठे दिसली तर थांबून वाचा. या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावर मजकूर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात 46 माणसे गमावली आणि म्हणून ते 'अपशिंगे मिलिटरी' झाले. आकडा सर्वांना पाठ असतो; त्या माणसांची नावे मात्र ज्यांच्या घरातली आहेत त्यांनाच ठाऊक असतात. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत येथे वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीने तिथल्या फौजेला शरण जावे लागले. त्या आघाडीवर ज्यांची कबर सापडत नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार संख्या लिहिली गेली. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशा असमान वागणुकीबद्दल 2021 साली जाहीर माफी मागितली, म्हणजे शंभर वर्षांनी. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे 25 फेब्रुवारी 2019 रोजी खुले झाले, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटवर एकेक करून कोरलेली आहेत. माझ्या मुलाच्या पलटणीतील एका मुलाचे वडील तिथे जाऊन आले. ते मला एवढेच म्हणाले की, "हात लावता येतो." इटलीतील मोंतोने या छोट्या गावानेसुद्धा 2023 साली माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडले होते. परक्या गावाला नाव, हुद्दा आणि तारीख सांभाळता येते, मग आपल्या ग्रामपंचायतीला आपल्या हयात माणसांची का येऊ नये?

म्हणून समितीला असे सुचवा. या वर्षी शाली आणू नका. तात्यांच्या घरातच आणखी दहा सापडतील. त्याऐवजी कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी कॉलेजातली दोन मुले वही घेऊन प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी पाठवा. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेची नोंदवही, समोर ठेवून हुद्दा, नाव, पलटण, भरतीचे व निवृत्तीचे वर्ष आणि मिळालेली पदके लिहून घ्यावीत. नंबर वहीत असू द्यावा, फलकावर नको. 1971 च्या माणसाकडे 'पूर्वी स्टार', 'संग्राम मेडल' अशी त्या युद्धाची पदके ट्रंकेच्या तळाशी पडून असतात आणि घरातल्या सुनांनाही ती कसली हे ठाऊक नसते. ज्यांचे निधन झाले आहे त्यांच्या पत्नींकडेही जावे, कारण स्टेजवर खुर्च्या मांडताना सर्वांत आधी विसर पडतो तो त्यांचा. मग ही नोंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कायमची लावावी आणि 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर ती मोठ्याने, एकही विशेषण न लावता वाचावी. वाचायचे काम तात्यांना द्या. ते येतील की नाही याची हमी मी देत नाही. पण आपला नव्हे तर सगळ्यांचा हजेरीपट घ्यायचा आहे असे हवालदाराला सांगितले, तर घरी बसणे त्यांना जड जाईल.

ती मुले घरी गेली की त्यांच्याकडून आणखी एक काम करून घेता येईल, आणि माझ्या दृष्टीने ते सत्कारापेक्षा मोठे आहे. बऱ्याच जुन्या सैनिकांच्या कागदांत पत्नीचे माहेरचे नाव असते, आधारवर सासरचे असते, जन्मतारीख तिसरीच असते. नवरा असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या बाईला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँक आणि रेकॉर्ड ऑफिस यांच्यामध्ये फेऱ्या माराव्या लागतात; मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. नावातली ही दुरुस्ती सैनिक हयात असताना करून घेणे पुष्कळ सोपे जाते. निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून मिळते, हयातीचा दाखलाही तिच्यातच नोंदवावा लागतो, आणि ज्याला मोबाइलवरचा ओटीपी वाचता येत नाही तो ब्रह्मपुत्रा ओलांडलेला माणूस सायबर कॅफेतल्या पोरापुढे हात जोडून उभा राहतो. ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड, पीपीओची (निवृत्तिवेतनाच्या आदेशाची) प्रत, पत्नीचे नाव : या तीन गोष्टी तपासायला एका घरी अर्धा तास लागतो. आपल्या आईचे नाव तात्यांच्या पीपीओवर कसे लिहिले आहे, हे आपण स्वतः कधी पाहिले आहे का? आजच पाहा.

आता आपल्या झोपेविषयी. आपण कमी पडत नाही. जो स्वतः तिथे राहून आला आहे त्याला चार दिवस फोन न येण्याची पन्नास साधी कारणे ठाऊक असतात : पोस्ट बदलली, बर्फाने लाइन गेली, ड्यूटी रात्रीची लागली, किंवा पोरगा नुसताच झोपला. आपल्याला एकच कारण सुचते, कारण आपण तिथे गेलेलो नाही. माझेही तसेच होते. मुलगा उत्तरेत असताना मी वर्गात गणित शिकवत असे आणि खिशातला फोन थरथरला की फळ्यावरचा हातचा विसरत असे. सातव्या-आठव्या वर्षी कधीतरी कळले की ही भीती जाणार नाही, तिच्यासकट रोजची कामे उरकायला शिकावे लागते. अभिमान वाटतो का, असे लोक विचारत, आणि मी हो म्हणत असे. ते खरेही होते. परंतु तो सुट्टी संपवून निघाला की त्याची काळी ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना मला जे वाटे त्याला अभिमान म्हणता येणार नाही.

तात्यांना मात्र एक विचारा. 'भीती वाटत नाही का' असे विचारू नका, आणि 'लढाईत किती मारले' हा प्रश्न तर कोणत्याही सैनिकाला कोणीही विचारू नये. एवढेच विचारा की, 1971 च्या डिसेंबरात आजीला तुमची खुशाली कशी कळत होती? फौजी पत्त्यावर गाव नसते. नंबर, नाव, पलटण आणि खाली 'द्वारा 56 ए.पी.ओ.' किंवा पूर्वेकडे असेल तर '99 ए.पी.ओ.', म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक, एवढेच लिहिलेले असते. त्या पत्त्यावर टाकलेले पत्र कुठे जाते हे आईला कळत नसे. आकाशवाणीच्या बातम्यांत एका नदीचे नाव येई आणि ते ऐकून घर गप्प होई. आपली आई कशी जेवत होती, हे तात्यांना तेव्हा दिसले नाही. नंतर कोणीतरी सांगितले असेलच. आता ते स्वतः आजोबा म्हणून घरी बसले आहेत आणि शांतपणे जेवत आहेत. मला वाटते, ते आपल्या समोर बसून शांतपणे जेवतात, ते आपल्यासाठी. मुलाचा फोन आला की आधी तात्यांकडे द्या आणि जरा लांबून पाहा. आजोबा-नातू बहुधा फौजी हिंदीत बोलू लागतील, जी मराठी घरात एरवी कोणी बोलत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाची अग्निवीर म्हणून निवड झाली आहे. घरात आनंद आहे, पण नातेवाईक म्हणतात, 'चार वर्षांनी परत येणार, त्याला काय फौजी म्हणायचे?' पेढे वाटावेत की नाही, असा मला प्रश्न पडला आहे. तो परत आला तर माजी सैनिक म्हणवला जाईल का?
— एक आई, विदर्भ

उत्तर : पेढे वाटा, आणि सोबत पुढचा हिशेबही समजून घ्या. 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे. त्यानंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना नियमित सेवेत घेतले जाते. बाकीच्यांना 'सेवानिधी' मिळतो. योजना जाहीर झाली तेव्हा तो सुमारे 11.71 लाख रुपये सांगितला गेला, आणि त्यातला निम्मा भाग मुलाच्याच मासिक मानधनातून कापलेला असतो. निवृत्तिवेतन नाही, आणि माजी सैनिकाचा सरकारी दर्जाही नाही. म्हणजे आपल्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते आधीच ठाऊक असलेले बरे. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा राखून ठेवण्याची घोषणा 2022 मध्ये झाली होती. तेव्हा मुलाने शिक्षण आणि त्या परीक्षांची तयारी पहिल्या वर्षापासूनच सोडू नये. ही योजना चांगली की वाईट यावर मला मत आहे. ज्या जिल्ह्यांतून पिढ्यान्पिढ्या मुले जातात तिथे पेन्शन हा घराचा कणा होता आणि तो काढून घेताना पुरेसा विचार झाला असे मला वाटत नाही. परंतु त्याचा राग मुलावर निघता कामा नये.

नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र वेगळे आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचिनवर कर्तव्य बजावताना बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर मरण पावला. त्या उंचीवरची थंडी कोणाचा करार किती वर्षांचा आहे हे विचारत नाही. कसम परेडला, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथ-संचलनाला, बोलावणे आले तर जरूर जा, भाड्याचा विचार करू नका. अनेक रेजिमेंटल केंद्रांत त्या दिवशी आईवडिलांना गौरव पदक देतात. चार वर्षांनी तो घरी आला आणि गावाने विचारले की हा कोण, तर पलटणीचे नाव आणि साल सांगा. 'माजी सैनिक' हा शब्द सरकारने दिला नाही तरी ते दोन तपशील कोणी काढून घेऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत माजी सैनिकांसाठी एक दिवस ठरवायचा आहे. कोणी 7 डिसेंबर म्हणते, कोणी 14 जानेवारी, कोणी 15 जानेवारी. नेमका कोणता?
— एक मुख्याध्यापिका, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तिन्ही वेगळे आहेत. 7 डिसेंबर हा 1949 पासून सशस्त्र सेना ध्वज दिन आहे. त्या दिवशी लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज देऊन सैनिक-कल्याणासाठी निधी गोळा करतात. 15 जानेवारी हा सेना दिन, कारण 1949 मध्ये त्या तारखेला जनरल करिअप्पा पहिले भारतीय सेनाप्रमुख झाले. 14 जानेवारी 1953 रोजी ते निवृत्त झाले आणि म्हणून ती तारीख माजी सैनिकांची मानली जाते. आपल्याला हवी आहे ती हीच.

अडचण एवढीच की बहुधा त्याच दिवशी संक्रांत येते आणि शाळेला सुट्टी असते. मला ही अडचण वाटत नाही. त्या दिवशी मुलांना शाळेत बोलावून वृद्धांना उन्हात बसवून ठेवण्यापेक्षा चार-चार मुलांच्या टोळ्या करून त्यांना तिळगूळ घेऊन माजी सैनिकांच्या घरी पाठवा. जाण्यापूर्वी प्रत्येक टोळीला ज्यांच्याकडे जायचे त्यांचा हुद्दा, पूर्ण नाव आणि पलटण पाठ करून घ्या, आणि दारात उभे राहून मुलांनी ते म्हणावे. 'मेजर आहेत का घरी' असे म्हणू नये, कारण आपल्याकडे नाईकापासून सुभेदारापर्यंत सगळ्यांनाच गावकरी मेजर म्हणतात आणि ते बिचारे हसून ऐकून घेतात.